गहू फुकट, दळणाचं काय?

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. संगणकावर एखादं सॉफ्टवेअर ‘इन्स्टॉल’ करणं यावर काय बोलायचं, असं कुणालाही वाटेल. पण गेली काही वर्षं महाविद्यालयांतल्या कार्यशाळांमधून मुलांना पायथॉन शिकवताना मी पाहत आलो आहे, की विज्ञान जिथे अडतं ती जागा पुष्कळदा गणितात नसते, भौतिकशास्त्रातही नसते. ती या पहिल्या पायरीवर असते. म्हणून आज या पायरीबद्दलच बोलतो.

एक उदाहरण घेऊ. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेनं गुरुत्वीय लहरींची पहिली नोंद केली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही बातमी जगाला सांगितली गेली. अशा लहरींची क्षीण खूण गोंगाटातून कशी वेगळी काढायची, या गणिताचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, हेही आपण वाचलं असेल.

वर्तमानपत्रांत ठळकपणे न आलेली गोष्ट पुढेच आहे. लायगोच्या शास्त्रज्ञांनी त्या लहरीची मूळ आकडेवारी जगासाठी खुली केली आणि ती कशी तपासायची याचा पायथॉनमध्ये लिहिलेला धडाही सोबत दिला. आकडेवारी फुकट, धडा फुकट, पायथॉन फुकट आणि त्याला लागणारी सगळी अवजारंही फुकट. म्हणजे हिंगोलीतली बीएस्सीची मुलगी आपल्या संगणकावर ती लहर स्वतः काढून पाहू शकते. सेकंदाच्या एक पंचमांश भागात संपणारी, चढत जाणारी ती रेघ! पण त्यासाठी तीन-चार पॅकेज तिच्या संगणकावर बसली पाहिजेत. ती बसली नाहीत, तर १३० कोटी प्रकाशवर्षं ओलांडून आलेली लहर तिच्या टेबलापर्यंत काही पोचत नाही.

आता ही पॅकेज म्हणजे काय? पायथॉन ही संगणकाची एक भाषा. गिडो व्हॅन रॉसम या डच माणसानं अॅमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत काम करताना ती तयार केली आणि १९९१ साली प्रसिद्ध केली. नाव सापावरून नाही, ‘माँटी पायथॉन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून घेतलेलं. ही भाषा शिकायला सोपी, वाचायला सरळ. पण लाखो आकड्यांचं गणित करायला ती एकटी मंद पडते. म्हणून शास्त्रज्ञांनी तिला मदतनीस तयार केले. २००१ मध्ये सायपाय आलं. त्यात विज्ञानाला लागणारी गणितं आहेत. २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब आलं, आलेख काढणारं. जॉन हंटर हे मेंदूतल्या विद्युत लहरींचा अभ्यास करत होते, त्यांना आलेख काढण्यासाठी हवं होतं म्हणून त्यांनी ते लिहिलं. २००६ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट यांच्या पुढाकारानं नमपायची पहिली पक्की आवृत्ती आली. आकड्यांच्या मोठमोठ्या तक्त्यांवर झपाट्यानं काम करणारं हे पॅकेज. आज खगोलशास्त्रापासून हवामानापर्यंत आणि शेतीपासून औषधांपर्यंत सगळीकडे ही मंडळी राबतात.

मग अडचण कुठे येते? अडचण अशी, की ही पॅकेज बाहेरून पायथॉन दिसतात, पण आतून पायथॉन नसतात. वेगासाठी त्यांचा गाभा सी या भाषेत लिहिलेला असतो. सायपायमध्ये तर बरीच वर्षं फोर्ट्रान या भाषेतला मोठा भाग होता. फोर्ट्रान १९५७ सालची. त्या भाषेतली गणिताची जुनी, घासूनपुसून पक्की झालेली आज्ञावली टाकून देणं शहाणपणाचं नव्हतं, म्हणून ती तशीच आत घेतली गेली. तो जुना भाग बदलून नव्यानं लिहिण्याचं काम अलीकडे सुरू झालं आहे.

सी किंवा फोर्ट्रानमध्ये लिहिलेला मजकूर संगणकाला थेट चालत नाही. तो गव्हासारखा असतो. त्याचं पीठ करावं लागतं. दळणाऱ्या गिरणीला कंपायलर म्हणतात. आणि हे पीठही सगळ्या घरांत चालणारं नाही. विंडोजसाठी दळलेलं लिनक्सवर चालत नाही, लिनक्ससाठी दळलेलं मॅकवर चालत नाही. इंटेलच्या प्रोसेसरसाठी दळलेलं दुसऱ्या घडणीच्या प्रोसेसरला चालत नाही. पायथॉनच्या एका आवृत्तीसाठी दळलेलं पुष्कळदा पुढच्या आवृत्तीला चालत नाही. गहू एकच, पण दळणं किती वेगवेगळी, याचा हिशेब करून पाहा.

लिनक्सवाल्यांच्या घरी गिरणी बहुधा असतेच, नसली तर एका आज्ञेत बसवता येते. विंडोजच्या घरी ती मुळात नसते. त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना, ज्यांच्या संगणकावर बहुतेक विंडोजच असतं, सगळ्यांत जास्त त्रास झाला. पॅकेज बसवायला जावं तर पडद्यावर तांबड्या अक्षरांच्या ओळीच्या ओळी. शेवटी एक निरोप, की अमुक एक फाइल सापडत नाही. त्या निरोपाचा साधा अर्थ एवढाच होता, की ‘तुमच्या घरी गिरणी नाही आणि मला गहू दिला आहे.’ पण हे सांगणार कोण? मुलाला वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं.

या काळात एका माणसानं फार मोठं काम केलं. क्रिस्टोफ गोल्के हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ. त्यांनी शेकडो पॅकेज विंडोजसाठी दळून, तयार पीठ आपल्या पानावर ठेवलं. त्यावर ‘अनधिकृत’ असंच लिहिलेलं होतं. पण जगभरचे विद्यार्थी आणि प्राध्यापक कित्येक वर्षं तिथूनच पीठ नेत होते. ६४ बिटच्या विंडोजवर एका आज्ञेत बसेल असं सायपायचं अधिकृत तयार पॅकेज ऑक्टोबर २०१७ मध्ये, सायपायच्या १.० आवृत्तीबरोबर आलं. २००१ ते २०१७, म्हणजे १६ वर्षं! विंडोजवरच्या सी कंपायलरशी जुळेल असा फुकट फोर्ट्रान कंपायलर नव्हता, हे त्यामागचं मोठं कारण. जगातल्या सर्वाधिक घरांत असलेल्या प्रणालीला इतकी वर्षं थांबावं लागलं.

आज तयार पिठाची सोय झाली आहे. या पिशवीला पायथॉनच्या जगात ‘व्हील’ म्हणतात. पिप नावाचं अवजार आपल्या संगणकाकडे पाहतं, प्रणाली कुठली, प्रोसेसर कुठला, पायथॉन कुठला हे तपासतं आणि जुळणारी पिशवी उतरवून घेतं. जुळणारी पिशवी मिळाली तर अर्ध्या मिनिटाचं काम. नाही मिळाली, तर ते गहू आणून टाकतं आणि गिरणी शोधू लागतं. तिथे पुन्हा तांबडी अक्षरं. आजच्या बहुतेक अडचणींचं मूळ या एका वाक्यात आहे.

आता तिन्ही घरांचे स्वभाव पाहू.

विंडोजवर पायथॉन बसवताना नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्या खिडकीत, अगदी तळाशी, एक छोटा चौकोन असतो. पायथॉनचा पत्ता ‘पाथ’मध्ये घालायचा का, असं तो विचारतो. तिथे खूण केली नाही तर पायथॉन संगणकावर येतं, पण हाक मारल्यावर ओ देत नाही. घर बांधलं आणि पत्ता पोस्टमनला दिला नाही, तशातला प्रकार. दुसरी गोष्ट जुन्या यंत्रांची. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत अजून विंडोज ७ असलेले संगणक दिसतात. पायथॉनची ३.९ ही ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली आवृत्ती आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर बसतच नाहीत. तिथे ३.८ पर्यंतच जाता येतं, आणि तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही २०२४ मध्ये थांबल्या. तेव्हा अशा यंत्रांवर लिनक्स घालणं हा उत्तम मार्ग. ते शक्य नसेल तर ३.८ घ्यावी आणि ते यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवावं. शिकण्यापुरतं ते उत्तम चालतं.

लिनक्सचा स्वभाव वेगळा. तिथे पायथॉन आधीच हजर असतं, कारण प्रणालीची स्वतःची कित्येक कामं त्यावर चालतात. म्हणजे ते घरमालकाचं पायथॉन. भाडेकरूनं त्यात ढवळाढवळ केली, प्रशासकाचे अधिकार वापरून त्यात हवं ते ओतलं, तर एखादे दिवशी घराचे नळच बंद पडतात. असे प्रकार इतके झाले, की डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ या २०२३ मधल्या आवृत्त्यांपासून तिथे पिपला सरळ नकार मिळू लागला. ‘हे पायथॉन बाहेरून सांभाळलं जातं’ अशा अर्थाचा निरोप येतो. पुष्कळ जण तो निरोप पाहून चिडतात आणि तो डावलण्याची युक्ती शोधतात. तसं करू नये. तो अडथळा नाही, कठडा आहे. आपल्यासाठी वेगळी खोली करा, एवढंच तो सांगतो.

मॅकवर अॅपल कंपनी पूर्वी पायथॉन २.७ सोबत देत असे. त्या जुन्या पायथॉनची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली, आणि मार्च २०२२ मध्ये आलेल्या १२.३ या आवृत्तीपासून अॅपलनं ते काढून टाकलं. म्हणजे जुनं पुस्तक उघडून त्यातली आज्ञा दिली, तर नव्या मॅकवर काहीच होत नाही. त्यातच नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलनं प्रोसेसरच बदलला. इंटेलसाठी दळलेल्या सगळ्या पिठाच्या पिशव्या एका दिवसात परक्या झाल्या. दुभाष्यासारखं काम करणारं रोझेटा होतं म्हणून जुन्या गोष्टी चालत राहिल्या, पण नव्या प्रोसेसरसाठी एकेक पॅकेज पुन्हा दळावं लागलं. तेव्हा मॅकवर अडलात तर पहिला प्रश्न हा विचारा: माझं पायथॉन कुठल्या प्रोसेसरसाठीचं आहे?

स्वभाव तीन, पण उपाय एकच आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरात प्रत्येकाला ठाऊक आहे. वेगवेगळे डबे. गव्हाचं पीठ, ज्वारीचं पीठ आणि बेसन आपण एका डब्यात ओतत नाही. तसंच प्रत्येक कामासाठी पायथॉनचा वेगळा डबा करायचा. त्याला ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात, आणि २०१२ मध्ये आलेल्या पायथॉन ३.३ पासून ही सोय पायथॉनमध्येच आहे. वेगळं काही विकत घ्यायला नको. एका कामाला नमपायची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी, तर दोन डबे. एखादा डबा नासला तर तेवढाच फेकून द्यायचा, बाकी घर शाबूत.

दुसरी सोय ‘कोंडा’ या अवजाराची. नाव ऐकून हसू नका. आपण पीठ चाळून कोंडा बाजूला काढतो, इथला कोंडा मात्र पायथॉनसकट सगळा शिधा एका गाठोड्यात आणून देतो. २०१२ पासून ते उपलब्ध आहे. सी आणि फोर्ट्रानमधले आतले भागही तेच आणतं, त्यामुळे अवघड पॅकेजसाठी फार उपयोगी पडतं. त्याचं अॅनाकोंडा नावाचं मोठं गाठोडं प्रसिद्ध आहे, पण मोठ्या संस्थांना त्याच्या वापराच्या अटी लागू होतात, त्या आधी वाचाव्यात. मिनीफोर्ज हा त्याच कोंड्याचा लहान आणि मुक्त अवतार आहे, तो बहुतेकांना पुरतो. फक्त एक पथ्य पाळावं. एकाच डब्यात कोंडा आणि पिप यांची सरमिसळ जपून करावी. आधी कोंड्यातून मिळेल तेवढं घ्यावं, उरलेलं पिपमधून.

आणखी तीन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पायथॉनची अगदी कालपरवा निघालेली आवृत्ती घेऊ नका. तिच्यासाठी सगळ्या पॅकेजचं दळण व्हायला वेळ लागतो. एक आवृत्ती मागे राहिलात तर काही बिघडत नाही. पॅकेजचं नाव अचूक टाका. काही पॅकेज वापरताना एका नावानं हाक मारतात आणि बसवताना दुसऱ्या नावानं मागतात. चित्रांवर काम करणारं पॅकेज बसवताना ‘पिलो’ असतं आणि वापरताना ‘पिल’. अंदाजानं नाव टाकू नये, कारण चुकीच्या स्पेलिंगच्या नावानं घातक पॅकेज ठेवून देणारे भामटेही आहेत. आणि चूक झाल्यावर पडद्यावर ५० ओळी आल्या तर घाबरून सगळ्या पुसू नका. बहुतेक वेळा नेमकं कारण शेवटच्या चार-पाच ओळींत असतं. त्या शांतपणे वाचा, वहीत उतरून घ्या, मग विचारा. ‘चालत नाही’ असं सांगितलं तर डॉक्टरलाही औषध देता येत नाही.

इंटरनेट धड नसलेल्या ठिकाणी काय करायचं, असं मला हमखास विचारतात. पिठाच्या पिशव्या पेन ड्राइव्हवर नेता येतात! ज्या संगणकावर इंटरनेट चांगलं आहे, तिथे हवी ती व्हील उतरवून घ्यायची. पिपमध्ये ‘डाउनलोड’ची आज्ञा आहे. मग तो पेन ड्राइव्ह प्रयोगशाळेत नेऊन, इंटरनेटकडे न जाता या फोल्डरमधूनच बसव, असं पिपला सांगायचं. दोन्हीकडे प्रणाली, प्रोसेसर आणि पायथॉनची आवृत्ती सारखी असली की झालं. एका पेन ड्राइव्हवर ३० संगणकांचं काम होतं. गुगलच्या कोलॅबसारख्या सोयीतून काहीही न बसवता पायथॉन वापरता येतं हे खरं, पण त्याला सतत इंटरनेट लागतं. वीज आणि नेटवर्क यांचा लपंडाव चालतो तिथे स्वतःच्या घरचं पीठच कामाला येतं.

आयआयटी मुंबईत २००९ पासून ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प चालतो. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणणं हे त्याचं काम, आणि त्याला केंद्र सरकारचा निधी मिळतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लहान लहान दृक्श्राव्य धडे केले, त्यांतले कित्येक मराठीत आहेत. पडद्यावर काय दाबायचं ते दाखवणारे, ऐकत ऐकत आपणही करावं असे. ही गंगा आपल्या दारातून वाहते आहे. आपल्या शिक्षकांनी आणि पालकांनी तिची माहिती मुलांपर्यंत पोचवायला हवी.

आता हे सगळं मी आपल्यासमोर, संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या श्रोत्यांसमोरही का मांडतो आहे? कारण यात केवळ यंत्राचा प्रश्न नाही. बीएस्सीच्या अनेक अभ्यासक्रमांत आता पायथॉन आहे. तास दोन तासांचा. त्यातला दीड तास पॅकेज बसवण्यात गेला आणि शेवटी बसलंच नाही, तर मुलगी घरी काय घेऊन जाते? ‘हे आपल्याला जमणारं नाही’ एवढंच. तिला गणित जमत होतं, तर्क जमत होता. अडली ती गिरणीपाशी. पण गिरणी आणि बुद्धी यांतला फरक तिला कुणी सांगितला नाही. ज्या मुलाच्या घरी संगणक जाणणारा मामा किंवा मोठा भाऊ आहे, तो ही पायरी संध्याकाळी ओलांडतो. जिला तसं कुणी नाही, ती तिथेच थांबते. फुकट मिळणारी गोष्ट सगळ्यांना सारखी मिळते असं आपण समजतो, ते इथे खोटं ठरतं.

म्हणून महाविद्यालयांना माझी एक साधी विनंती आहे. सत्र सुरू होण्यापूर्वी एक दिवस फक्त या कामाला द्या. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक संगणकावर एकच आवृत्ती बसवा आणि ती सत्रभर बदलू नका. कुठल्या प्रणालीवर काय केलं, त्याची टिपणं साध्या मराठीत लिहून भिंतीवर लावा. पिशव्यांचा पेन ड्राइव्ह ग्रंथालयात ठेवा, पुस्तकासारखा घरी नेऊ द्या. आणि हे काम करणाऱ्या प्रयोगशाळा साहाय्यकाला मान द्या. तो केवळ ‘सॉफ्टवेअर टाकणारा’ नाही. सायपायला विंडोजच्या घरी पोचायला १६ वर्षं लागली, तेव्हाही अडलेलं काम त्याच्यासारख्या माणसांनीच पुढे रेटलं होतं.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या पडद्यावर तांबडी अक्षरं आली, तर एवढं लक्षात ठेवा. जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या पडद्यावरही हीच अक्षरं येतात. ती तुमच्या हुशारीवरचा शेरा नसतात. कुठल्या घरी कुठलं पीठ लागतं, याची ती चिठ्ठी असते. ती वाचायला शिका. एकदा वाचता आली, की शेजारच्याला वाचून दाखवा. तुमच्या वर्गात जमलेलं हे ज्ञान पुढच्या वर्षीच्या वर्गाला आयतं मिळालं, तर त्या मुलांचा पहिला तास गिरणीच्या दारात जाणार नाही, ती लहर पाहण्यात जाईल.